अण्णा भाऊ साठे : ‘लोकयुद्ध’चा वार्ताहर ते ‘फकिरा’चा लेखक

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच लोकशाहीर अण्णा भाऊ साठे (१ ऑगस्ट १९२० – १८ जुलै १९६९) हे मराठीतील कादंबरीकार, कथाकार, शाहीर, लोकनाट्यकार आणि कामगार चळवळीचे कार्यकर्ते. सुमारे ३५ कादंबऱ्या, १३ कथासंग्रह, अनेक लोकनाट्ये, पोवाडे, छक्कड आणि एक प्रवासवर्णन एवढे लेखन त्यांच्या नावावर आहे. ‘फकिरा’ ही त्यांची सर्वाधिक गाजलेली कादंबरी. पण लेखक म्हणून नाव होण्याआधी ते मुंबईत ‘लोकयुद्ध’ या साप्ताहिकाचे वार्ताहर होते, ही गोष्ट आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते.

सांगवी, दापोडी, कासारवाडी, पिंपळे गुरव ते थेट निगडीपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात अण्णा भाऊंचे फोटो घराघरांत आणि चौकाचौकांत आहेत. निगडीत त्यांचा पुतळा आहे. १ ऑगस्टला तिथे गर्दी होते, हार पडतात, मिरवणुका निघतात. मात्र त्यांनी काय लिहिले, कशातून लिहिले आणि लिहिण्याची शिस्त त्यांना कुठून मिळाली, यावर आपल्या तरुणांमध्ये बोलणे कमी होते. म्हणून या लेखात आम्ही त्यांचे जीवन आणि लेखनप्रवास यांची सविस्तर माहिती देत आहोत, आणि त्यातही वार्ताहर अण्णा भाऊंकडे जरा जास्त लक्ष देत आहोत.

जन्म आणि बालपण

अण्णा भाऊंचा जन्म वाटेगाव, तालुका वाळवा येथे एका मातंग कुटुंबात झाला. हे गाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील भाऊराव मुंबईत मजुरी करीत, आई वालुबाई गावी मोलमजुरी करून घर चालवीत. १९२० हे वर्ष आपल्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. ज्यांना वाचा नव्हती त्यांचे वृत्तपत्र निघाले आणि सहा महिन्यांनी वाटेगावच्या मांगवाड्यात एक मूल जन्माला आले, जे पुढे त्याच मुक्या समाजाची कहाणी लिहिणार होते.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा. त्याचा जाच मांगवाड्यांनाही सोसावा लागला. गावात काही चोरी झाली की पहिला संशय याच वस्तीवर, हजेरी द्यायची ती याच वस्तीने. अण्णा भाऊंच्या लेखनात पोलीस, पाटील, हजेरी आणि उपासमार पुन्हा पुन्हा येतात, ती इथून.

शाळा त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. दीड दिवसाची शाळा असे त्यांच्या शिक्षणाचे वर्णन केले जाते. मात्र दांडपट्टा, तलवारबाजी, पोवाडे, लावण्या आणि रानातली भटकंती या सगळ्याचे शिक्षण भरपूर झाले. चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडातही ते काही काळ होते. ढोलकीचा ताल आणि समोरच्या माणसाला बांधून ठेवणारी बोली त्यांनी या फडात आत्मसात केली.

पायी मुंबई

१९३१-३२ च्या सुमारास साठे कुटुंब वाटेगावहून मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून पायी. वाटेत मिळेल तिथे मजुरी करायची, मिळेल ते खायचे आणि पुढे चालायचे. आज मराठवाड्यातून, सोलापूर-सांगलीकडून चाकणच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्या आपल्या भावंडांना बस तरी मिळते. पण गाव सुटण्यामागची कारणे फारशी बदललेली नाहीत: जमीन नाही, काम नाही, आणि गावात मान नाही.

मुंबईत अण्णा भाऊंनी पडेल ते काम केले. कोळसा वेचला, हमाली केली, फेरीवाल्याबरोबर ओझी वाहिली, घरगडी म्हणून राहिले, गिरणीत राबले. या काळात त्यांना अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचून. पुढे वाचनाची गोडी अशी लागली की हाताला लागेल ते पुस्तक ते वाचू लागले. मॅक्सिम गॉर्की हा त्यांचा आवडता लेखक. गॉर्कीलाही शाळा मिळाली नव्हती. तोही हमाली आणि मजुरी करत लेखक झाला होता, आणि त्याने गरिबांवर लिहिले ते गरिबांच्या वस्तीत राहून.

लेबर कॅम्पची शाळा

अण्णा भाऊंच्या घडणीत माटुंगा लेबर कॅम्पचे स्थान मोठे आहे. महापालिकेच्या सफाई कामगारांची, गिरणी कामगारांची, म्हणजे बहुतांश दलितांची ही वस्ती. इथेच त्यांची गाठ कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी पडली. त्यांपैकी कॉम्रेड आर. बी. मोरे यांचे नाव आपल्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावे. १९२७ च्या महाडच्या परिषदेच्या आयोजनात पुढे असलेले हेच रामचंद्र बाबाजी मोरे. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले, पण बाबासाहेबांविषयीचा आदर त्यांनी कधी सोडला नाही. म्हणजे लेबर कॅम्पमध्ये लाल बावटा आणि निळा झेंडा यांच्यात वाद होते, तशी रोजची ये-जाही होती. पुढच्या पिढीचे बाबूराव बागूलही याच वस्तीत वाढले.

अण्णा भाऊंनी लेबर कॅम्पमध्ये रचलेले पहिले गाणे डासांवर होते. वस्तीत डास फार, झोप लागत नसे, त्यावर हे गाणे. कार्यकर्त्यांनी ते ऐकले आणि हा मुलगा लिहू शकतो हे त्यांच्या लक्षात आले. पहिला विषय देव, निसर्ग किंवा प्रेम नव्हता. महापालिकेने न उपसलेले गटार आणि त्यातून आलेले डास हा होता. बातमी म्हणतात ती हीच. वार्ताहर होण्याआधीच अण्णा भाऊंची नजर वार्ताहराची होती.

‘लोकयुद्ध’चा वार्ताहर

१९४२ साली कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठली आणि पक्षाची साप्ताहिके उघडपणे निघू लागली. इंग्रजीतले ‘पीपल्स वॉर’ आणि मराठीतले ‘लोकयुद्ध’ ही त्यांतली. अण्णा भाऊ ‘लोकयुद्ध’चे वार्ताहर झाले. औपचारिक शिक्षण नसलेला, मांगवाड्यातून आलेला, गिरणीत राबलेला तरुण वृत्तपत्रासाठी बातम्या लिहू लागला. त्या काळच्या मराठी पत्रसृष्टीत ही साधी गोष्ट नव्हती. बहुतेक दैनिकांच्या कचेऱ्यांत दलित वस्तीतला माणूस बातमीचा विषय म्हणूनही फारसा येत नसे, बातमी लिहिणारा म्हणून येणे तर दूरच.

तो काळ बातम्यांचाच होता. दुसरे महायुद्ध चालू होते. धान्य महाग झाले होते आणि काळाबाजार बोकाळला होता. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. १९४६ साली मुंबईत नाविकांचे बंड झाले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. अशा काळात कामगारांच्या साप्ताहिकाच्या वार्ताहराला बातमीसाठी कुठल्या साहेबाच्या पत्रकार परिषदेत जावे लागत नाही. गिरणीचा दरवाजा, रेशनचे दुकान, चाळीतला नळ आणि युनियनची सभा याच त्याच्या बातमीच्या जागा.

अण्णा भाऊंनी पुढे जे लिहिले त्याकडे या नजरेने पाहिले की अनेक गोष्टी स्पष्ट होतात. स्टालिनग्राडची लढाई ही तेव्हाची जगातली मोठी बातमी. अण्णा भाऊंनी तिचा पोवाडा केला. बंगालचा दुष्काळ ही देशातली मोठी बातमी. तिच्यावर त्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. ज्या कामगाराला पेपर वाचता येत नाही त्याच्यापर्यंत बातमी पोहोचवायची तर ती गाऊनच सांगितली पाहिजे. डफ आणि तुणतुणे घेऊन निघालेला हा वार्ताहर हजारो निरक्षर माणसांचे वृत्तपत्र झाला.

वार्ताहराचे काम करत असतानाच त्यांनी ‘अकलेची गोष्ट’, ‘खापऱ्या चोर’, ‘माझी मुंबई’ ही लोकनाट्ये लिहिली. सावकार शेतकऱ्याला कसा लुबाडतो, मुंबई नेमकी कुणाची, ती घडवणाऱ्याची की तिच्यावर मालकी सांगणाऱ्याची, हे त्यांचे विषय. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. या पथकाने महाराष्ट्र पालथा घातला.

इथे त्यांनी केलेला एक बदल आपल्या वाचकांना विशेष महत्त्वाचा वाटेल. जुना तमाशा गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने सुरू होतो आणि पुढे गवळण येते. अण्णा भाऊंनी देवाच्या स्तवनाच्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना वंदन आणले. गवळणीतली कृष्णाची छेडछाड काढून टाकली. तमाशाला लोकनाट्याचे रूप देताना त्यांनी करमणूक ठेवली, ढोलकी ठेवली, सोंगाड्या ठेवला, पण देवभोळेपणा आणि बाईची टवाळी बाजूला सारली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या लोकनाट्यांवर बंदीचा बडगा उगारला, यावरून ती किती झोंबत होती हे कळते.

बातमीकडून कथेकडे

१९४९ साली ‘मशाल’मध्ये त्यांची ‘माझी दिवाळी’ ही कथा छापून आली. ती त्यांची पहिली प्रकाशित कथा मानली जाते. पुढच्या वीस वर्षांत त्यांनी इतके लिहिले की त्यांच्या पुस्तकांची यादी करणाऱ्यांचीही दमछाक होते.

वार्ताहर आणि कथाकार यांचे नाते समजून घ्यायचे असेल तर ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचावी. भीमा नावाचा धिप्पाड माणूस गाव सोडून मुंबईच्या उपनगरात येतो, दगडाच्या खाणीत काम धरतो आणि एके दिवशी खाण बंद पडते. काम गेलेल्या या माणसाला स्मशानातल्या राखेत सोन्याचा कण सापडतो आणि तो मढी उकरून सोने शोधू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज होते, बोटे जातात, आणि त्यानंतर कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. आता ज्या हातांनी काम करायचे ते हातच राहिलेले नाहीत. कंपनीने ब्रेक दिला, ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले, की माणूस काय काय करायला तयार होतो, हे चाकण-भोसरीच्या कंत्राटी कामगाराला कुणी समजावून सांगायला नको.

‘बरबाद्या कंजारी’, ‘सुलतान’, ‘कोंबडीचोर’, ‘मरीआईचा गाडा’, ‘चिरागनगरची भुतं’ या सगळ्या लेखनात अशीच माणसे आहेत. कंजारी आहेत, दरोडेखोर आहेत, तुरुंगातला भुकेला कैदी आहे, झोपडपट्टीतली बाया-माणसे आहेत. पोलिसांच्या दप्तरात त्यांची नोंद ‘आरोपी’ अशी होते आणि वृत्तपत्रात चार ओळींची गुन्ह्याची बातमी येते. अण्णा भाऊ त्या चार ओळींच्या मागे जातात. याने चोरी का केली, याच्या घरात त्या दिवशी काय शिजले होते, हे विचारतात. आपण जे जगलो आणि पाहिले तेच लिहितो, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांच्या स्त्रिया रडून बसत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ‘चित्रा’, ‘वैजयंता’, ‘आवडी’ अशा स्त्रीच्या नावाच्या कितीतरी कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. अत्याचार झाला तरी या बायका स्वाभिमानाने उभ्या राहतात, प्रसंगी हत्यार हाती घेतात. ‘वैजयंता’वर १९६१ साली मराठी चित्रपट निघाला. ‘फकिरा’ आणि ‘वारणेचा वाघ’ यांवरही चित्रपट झाले.

‘फकिरा’

‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. वि. स. खांडेकरांची तिला प्रस्तावना आहे. १९६१ साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

फकिरा हे वारणेच्या खोऱ्यातले खरे पात्र. गावच्या जोगणीसाठी मारला गेलेला राणोजी मांग, त्याचा मुलगा फकिरा, त्यानंतर आलेली महामारी आणि दुष्काळ, भुकेने तडफडणारी मांग-महारांची वस्ती, तिला जगवण्यासाठी धान्य आणि खजिना लुटणारा फकिरा, आणि त्याच्यामागे लागलेले इंग्रज सरकार, असा हा पट आहे. आपल्या जन्माच्या वेळी फकिराने लुटीतले ओंजळभर रुपये बाळंतिणीसाठी दिले होते, अशी आठवण अण्णा भाऊ सांगत. सरकारच्या कागदात जो दरोडेखोर होता तो वस्तीचा अन्नदाता होता. इतिहास कोण लिहितो यावर माणूस नायक ठरतो की गुन्हेगार, हे या कादंबरीइतके स्पष्टपणे मराठीत क्वचितच कुणी मांडले असेल.

या कादंबरीत मांगवाडा आणि महारवाडा एकत्र भुकेला तोंड देतात. संकटात एकमेकांसाठी उभे राहतात. आजच्या वाचकाने ही पाने दोनदा वाचावीत.

बाबासाहेब आणि अण्णा भाऊ

अण्णा भाऊ मार्क्सवादी होते की आंबेडकरवादी, हा वाद आपल्याकडे दरवर्षी होतो. आमच्या मते वस्तुस्थिती जशी आहे तशीच सांगावी. अण्णा भाऊ कम्युनिस्ट चळवळीतून घडले. लाल बावट्याने त्यांना व्यासपीठ दिले. १९६१ साली ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि त्यावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले. ते बौद्ध चळवळीचे कार्यकर्ते नव्हते. बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या भाषणात बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून बुद्धाचा मार्ग श्रेष्ठ का, हे मांडले होते. या मुद्द्यावर दोन्ही बाजूंत मतभेद होते आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

पण त्याचबरोबर दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. त्यांनी आपली सर्वांत मोठी कलाकृती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. बाबासाहेबांचा संदेश सांगणारे त्यांचे गीत आजही प्रत्येक भीमजयंतीला गायले जाते. ‘सापळा’ या कथेत मेलेली ढोरे ओढायला नकार देणारा आणि त्यासाठी गावाशी झुंजणारा महारवाडा त्यांनी उभा केला. तो नकार बाबासाहेबांच्या चळवळीने दिलेला होता. लेखकाची निष्ठा त्याच्या पक्षाच्या सभासदपत्रापेक्षा त्याच्या पात्रांतून जास्त कळते.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत नायगावच्या बंगाली हायस्कूलमध्ये पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पृथ्वी शेषनागाच्या फण्यावर आहे ही पुराणातली समजूत. ती तशी नसून दलित-श्रमिकांच्या हातांवर तरलेली आहे, असा विचार त्यांनी तिथे मांडला. धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. पाच वर्षांनी, १९६३ साली, बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला आणि १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. त्या वाटेची सुरुवात शोधत मागे गेलो तर नायगावच्या त्या संमेलनापर्यंत जावेच लागते.

चिरागनगर आणि अखेर

एवढे लिहिणारा, ज्याची पुस्तके परदेशी भाषांत गेली, ज्याच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, तो लेखक आयुष्याची वीसेक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या ‘माझी मैना’ छक्कडीने सभा पेटवल्या. मुंबई मिळाली, बेळगाव-कारवारची तळमळ त्या छक्कडीत उरली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तरी शाहिराच्या झोपडीचे छप्पर गळतच राहिले. प्रकाशकांकडून मिळणारा मोबदला तुटपुंजा होता. संसारातही त्यांनी दुःख भोगले. अखेरच्या दिवसांत सरकारकडून गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये छोटे घर मिळाले. तिथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे बंधू शंकर साठे यांनी ‘माझा भाऊ अण्णा भाऊ’ हे पुस्तक लिहून घरातल्या आठवणी जपून ठेवल्या आहेत.

मृत्यूनंतरचा सन्मान

१९८५ साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने मातंग समाजासाठी विकास महामंडळ स्थापन केले. १ ऑगस्ट २००२ रोजी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले. २०२० मध्ये जन्मशताब्दी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. अखेरच्या दिवसांपर्यंत ज्याला धड घर मिळाले नाही त्याला मृत्यूनंतर पुतळे, चौक आणि महामंडळे मिळाली. हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

आज आपल्यासाठी

१ ऑगस्ट २०२४ रोजी, नेमक्या अण्णा भाऊंच्या जयंतीदिनी, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याचा अधिकार राज्यांना असल्याचा निकाल ६ विरुद्ध १ मताने दिला. त्यानंतर महाराष्ट्रात बौद्ध आणि मातंग समाजांत पुन्हा वाद पेटले. समाजमाध्यमांवर दोन्हीकडच्या तरुणांनी एकमेकांना नको ते सुनावले आणि त्या वादात अण्णा भाऊंचा फोटोही ढाल म्हणून वापरला गेला.

उपवर्गीकरणावर मतभेद असू शकतात. आकडेवारी मागा, कायद्याची बाजू मांडा, संविधानिक मार्गाने विरोध करा किंवा पाठिंबा द्या. पण अण्णा भाऊंना ‘त्यांचे’ आणि बाबासाहेबांना ‘आमचे’ ठरवून वाटणी करणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू: ‘फकिरा’ची अर्पणपत्रिका उघडून बघा. ती वाटणी अण्णा भाऊंनीच आधी नाकारली आहे. आपल्या बौद्ध तरुणांनी १ ऑगस्टच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून न जाता घरचे म्हणून जावे, आणि १४ एप्रिलला मातंग वस्तीतल्या भावंडांना तितक्याच आपुलकीने बोलवावे. अण्णा भाऊंच्या कथांतली वस्ती आजही आपल्या नदीकाठच्या झोपडपट्ट्यांत आहे, आणि पुराचे पाणी शिरताना ते कुणाला जात विचारत नाही.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. आपल्या पट्ट्यात हजारो तरुण तीन पाळ्यांत काम करतात. कंत्राटी कामगारांचे प्रश्न, अपघातात गेलेली बोटे, न मिळालेला पीएफ, जातीचे नाव कळल्यावर नाकारलेली भाड्याची खोली, हे सगळे रोज घडते. त्याची बातमी होत नाही, कारण ती लिहिणारा कुणी नाही. अण्णा भाऊंकडे पदवी नव्हती, टेबल नव्हते. आज आपल्यातल्या बहुतेकांकडे शिक्षण आहे आणि हातात मोबाइल आहे. तो मोबाइल केवळ स्टेटस ठेवायला वापरायचा की आपल्या वस्तीची नोंद करायला, हे आपण ठरवायचे आहे. नोंद करताना वार्ताहराची शिस्त पाळावी: तारीख लिहा, जागा लिहा, पगाराचा आकडा लिहा, ऐकीव आणि पाहिलेले वेगळे ठेवा, आणि ज्याच्यावर लिहिता त्याची नोकरी धोक्यात येणार असेल तर त्याचे नाव झाका. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ चालवले ते याच विश्वासाने की आपली बातमी आपणच लिहिली पाहिजे.

सांगवी आणि परिसरातल्या विहारांना आमची विनंती आहे की येत्या वर्षावासात धम्मग्रंथाच्या वाचनाबरोबर एक रविवार अण्णा भाऊंच्या कथांसाठी ठेवावा. ‘स्मशानातील सोनं’ तासाभराच्या आत वाचून होते. वाचन झाल्यावर कामगार भावंडांना बोलू द्यावे आणि एका तरुणाने ते लिहून घ्यावे. डीजेचा खर्च थोडा कमी करून त्यात ‘फकिरा’च्या प्रती घेतल्या तर वस्तीतल्या प्रत्येक दहावी पास मुलाच्या आणि मुलीच्या हातात एक प्रत देता येईल.

लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांना विनम्र अभिवादन. जय भीम!